घरातला ग्रो टेंट: छोट्या जागेत भरघोस पीक घेण्यासाठी मांडणी कशी करावी

फ्लॅटच्या एखाद्या कोपऱ्यात कापडी तंबू उभा करून, त्यात एलईडी दिवा टांगून वर्षभर ताजी भाजी काढणे आता अवघड राहिलेले नाही. साहित्य ऑनलाइन मिळते आणि जोडणी एका दुपारीत उरकते. मात्र या विषयावर उपलब्ध असलेली बहुतेक माहिती थंड देशांतील लोकांनी आपापल्या गरजेनुसार लिहिलेली असल्यामुळे तिचा सारा भर दिव्यावर असतो. तिकडच्या गार तळघरात दिव्याची ऊब हवीशीच असते. पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या घरात तीच ऊब पिकाच्या मुळावर येते. आपल्याकडे तंबूतले उत्पन्न घटते ते बहुधा प्रकाश कमी पडल्यामुळे नव्हे, तर उष्णता आणि दमटपणा वेळेवर बाहेर न गेल्यामुळे. त्यामुळे खर्चाचा आणि विचाराचा मोठा वाटा हवा खेळती ठेवण्यावर पडला पाहिजे.

पुढील सर्व हिशेब ८० × ८० सेंटिमीटर तळाच्या आणि १६० सेंटिमीटर उंचीच्या तंबूसाठी केले आहेत. ६० × ६० चा तंबू स्वस्त पडतो, परंतु त्यात हात घालून काम करणे जिकिरीचे होते आणि उष्णताही लवकर साठते. १२० × १२० चा तंबू सामान्य फ्लॅटमध्ये अख्खी खोली अडवतो.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. परदेशात हे साधन ज्या पिकामुळे लोकप्रिय झाले, त्या गांजाची बेकायदा लागवड भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार गुन्हा आहे आणि येथे विचार केला आहे तो केवळ भाजीपाल्याचा. खिडकीतून रात्री येणारा उजेड पाहून सोसायटीत कुणी चौकशी केलीच, तर तंबूची चेन उघडून आतले लेट्यूस दाखवावे; शंका तिथेच मिटते.

पीक आधी, खरेदी नंतर

तंबू मागवण्यापूर्वी ज्या खोलीत तो ठेवायचा आहे, तिथे कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारे साधे डिजिटल यंत्र आठवडाभर ठेवावे. बाहेरची हवा आत ओढून घेणारा तंबू खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. दिवा चालू असताना तो खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी गरमच राहतो. खोलीत दुपारी ३४ अंश असतील, तर आत ३७ होणार आणि तेथे लेट्यूस लावण्यात अर्थ नाही.

लेट्यूसला १८ ते २४ अंश तापमान मानवते. त्यापेक्षा सतत जास्त तापमानात पाने कडू होतात, मधूनच फुलोऱ्याचा दांडा वर येतो आणि पीक हातचे जाते. इटालियन बेसिल, पुदिना आणि मिरची २५ ते ३० अंशांत आनंदाने वाढतात. म्हणून एसी नसलेल्या घरात ऑक्टोबर ते फेब्रुवारी लेट्यूस, पाकचोई आणि तत्सम पालेभाज्या, तर मार्च ते सप्टेंबर बेसिल, पुदिना किंवा मिरची असे चक्र ठेवावे. कोथिंबीर आणि मेथी तंबूत चांगल्या येतात, पण बाजारात जुडी ज्या दराने मिळते तो पाहता त्यांच्यासाठी वीज जाळणे परवडत नाही. जे बाहेर महाग आहे किंवा ताजे मिळत नाही, तेच आत लावावे.

दोन वेगळ्या स्वभावांची पिके एकाच तंबूत कोंबण्याचा मोह टाळावा. मिरचीला लागणारा उजेड आणि ऊब लेट्यूसला सोसत नाही, आणि लेट्यूसच्या बेताने दिवा ठेवला, तर मिरचीला फुले कमी लागतात.

प्रकाशाचा हिशेब

दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘१००० वॅट’ या आकड्याकडे दुर्लक्ष करून तो दिवा प्रत्यक्ष किती वॅट वीज घेतो ते पाहावे. कित्येकदा असा दिवा शंभर-सव्वाशे वॅटचाच असतो. रोपांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण दर सेकंदाला, दर चौरस मीटरला किती पडतात, ही होय. त्याला पीपीएफडी म्हणतात आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. दिवसभरात पडलेल्या अशा प्रकाशाची बेरीज म्हणजे डीएलआय. लेट्यूसला १२ ते १७ मोल, तर मिरचीला २० ते ३० मोल डीएलआय लागतो.

हिशेब सोपा आहे. २५० मायक्रोमोल प्रकाश १६ तास दिला, तर २५० × ३६०० सेकंद × १६ म्हणजे १४.४ मोल होतात (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल) आणि लेट्यूसचे भागते. आपल्या तंबूचा तळ ०.६४ चौरस मीटर असल्यामुळे सगळ्या पानांवर मिळून दर सेकंदाला २५० × ०.६४ म्हणजे १६० मायक्रोमोल पडायला हवेत. भिंतींवर वाया जाणारा भाग धरून दिव्यातून २०० ते २१० निघाले पाहिजेत. बरा एलईडी बोर्ड प्रत्येक वॅटमागे सुमारे २.५ मायक्रोमोल देतो, म्हणजे ८० ते ८५ वॅट पुरतात. मिरचीसाठी ४०० मायक्रोमोल १४ तास दिल्यास डीएलआय २० च्या थोडा वर जातो आणि त्यासाठी साधारण १३५ वॅट लागतात. म्हणून १५० वॅटचा, उजेड कमी-जास्त करता येणारा, पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी बोर्ड घ्यावा. तो दोन्ही पिकांना चालतो. लाल-निळ्या दिव्यांच्या जांभळ्या उजेडातही रोपे वाढतात, परंतु त्यात पानांवरचा पिवळेपणा किंवा ठिपके डोळ्यांना दिसत नाहीत आणि रोग लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

पीपीएफडी मोजण्याचे यंत्र महाग असते. त्याऐवजी उजेड मोजणारा साधा लक्समीटर वापरून पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ६५ ते ७० ने भागले, तर अंदाज पुरेसा बरोबर येतो. लेट्यूसच्या पानांच्या उंचीवर १६ ते १७ हजार लक्स मिळाले म्हणजे झाले. मोजणी फक्त मध्यभागी करू नये, चारही कोपऱ्यांत करावी, कारण कोपऱ्यांत उजेड बराच कमी असतो. कुंड्यांची अदलाबदल आठवड्यातून एकदा केली की सर्व रोपे सारखी वाढतात. दिवा पानांपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करावी. रोपे बारीक, उंच होऊन वाकू लागली, तर उजेड कमी पडतो आहे. वरची पाने फिकट पांढुरकी पडून कडा वर वळू लागल्या, तर तो जास्त होतो आहे.

वीजबिलाचे म्हणायचे तर लेट्यूससाठी दिवा आणि पंखे मिळून दिवसाला सुमारे दोन युनिट, म्हणजे महिन्याला साठच्या आसपास युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढतो, हे लक्षात घेऊन आपले नेहमीचे बिल कुठल्या टप्प्याच्या काठावर आहे ते आधी पाहून घ्यावे.

हवा

दिव्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तंबूतच राहते. ती बाहेर काढण्याचे काम वरच्या बाजूला बसवलेला एक्झॉस्ट पंखा करतो. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. या हिशेबाने १०० वॅटची उष्णता ताशी १०० घनमीटर हवेने वाहून नेली, तर आतले तापमान खोलीपेक्षा तीन अंशांनी चढते. हवा ६० घनमीटरच असेल तर पाच अंशांनी, आणि १५० घनमीटर असेल तर दोनच अंशांनी. पंख्यावर क्षमता सीएफएममध्ये लिहिलेली असते आणि एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर. डक्टची (हवा वाहून नेणाऱ्या नळीची) वळणे आणि वास शोषणारा कार्बन फिल्टर यांमुळे पंख्याची प्रत्यक्ष क्षमता निम्म्यापर्यंत घसरू शकते, म्हणून वेग बदलता येणारा, १५० ते २०० सीएफएमचा चार इंची इनलाइन (डक्टला जोडता येणारा) पंखा घ्यावा आणि तो मंद वेगाने चालवावा. पूर्ण वेगाने चालणाऱ्या लहान पंख्यापेक्षा त्याचा आवाजही कमी होतो. भाजीपाल्यासाठी कार्बन फिल्टरची काहीच गरज नसते. तो पॅकेजमधून वगळला की पैसे वाचतात आणि हवेचा अडथळाही.

पंखा तंबूच्या वरच्या भोकाशी लावावा आणि डक्ट शक्य तितका सरळ ठेवून खिडकीबाहेर न्यावा. तंबूतली गरम हवा त्याच बंद खोलीत सोडली, तर ती फिरून तंबूत येते आणि तास-दोन तासांत सगळा खटाटोप निष्फळ होतो. खालच्या बाजूची जाळीची झडप उघडी ठेवावी. पंखा सुरू केल्यावर तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या, म्हणजे हवा योग्य वाटेने फिरते आहे असे समजावे. त्या फारच आत गेल्या, तर खालची झडप आणखी उघडावी.

याशिवाय आत एक छोटा क्लिपचा पंखा हवाच. त्याचा झोत थेट एका रोपावर न सोडता पानांच्या किंचित वरून जावा, सगळी पाने हलकेच थरथरत राहतील एवढाच. हे काम दिखाऊ नाही. कॅल्शियम रोपात पाण्याबरोबर चढते आणि पाणी पानांतून उडून गेल्याशिवाय वर चढत नाही. लेट्यूसच्या गड्ड्यातील कोवळ्या पानांभोवती हवा कोंदली की त्यांना कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्यांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. अशा वेळी लोक खत वाढवतात. खरा उपाय पंखा असतो.

दमटपणाचा प्रश्न कोकणात आणि मुंबईत जास्त बिकट आहे. २५ अंश तापमानाला ६५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेची पाणी ओढण्याची ताकद, म्हणजे व्हीपीडी, साधारण १.१ किलोपास्कल असते आणि बहुतेक पिकांना ती मानवते. त्याच तापमानाला आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ती ०.३ पर्यंत उतरते, रोपे पाणी उचलणे जवळपास थांबवतात आणि पानांवर केवडा किंवा करडी बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असल्यामुळे एक्झॉस्ट पंखा कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही. तेव्हा खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लागतो. तो नसेल, तर रोपे विरळ ठेवणे, खालची पाने काढून टाकणे आणि पाणी दिवा लागताच देणे, म्हणजे अंधार होईपर्यंत ओल कमी होते, एवढे तरी करावे.

सर्वात प्रभावी युक्ती फुकट आहे: उन्हाळ्यात टायमर असा लावावा की दिवा संध्याकाळी सात-आठला लागेल आणि सकाळी दहा-अकराला बंद होईल. रोपांना घड्याळ कळत नाही. दिव्याची उष्णता रात्रीच्या थंड हवेत बाहेर जाते आणि दुपारच्या उकाड्यात तंबू अंधारा राहतो.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या नादी लागू नये. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत ४२० च्या वर असतो आणि पंखा ताजी हवा आणत असेल, तर भाजीला तेवढा पुरतो. शिवाय माणसे झोपतात त्या खोलीत हा वायू साठवणे धोक्याचे आहे.

उभारणी आणि वीज

तंबू उघडल्यावर दार पूर्ण उघडता येईल आणि समोर बसता येईल एवढी, किमान ६० सेंटिमीटर, जागा मोकळी ठेवावी. तळाशी कडा उचललेला ट्रे किंवा जाड प्लास्टिक अंथरावे, पाणी सांडतेच. चमकदार बाजू आत येईल असे कापड चढवून वरच्या दांड्यांना दिवा आणि पंखा टांगावेत. कुंड्या भरून ठेवण्याआधी सर्व यंत्रणा एक पूर्ण दिवस रिकामीच चालवून आतल्या तापमानाची नोंद पाहावी. या चाचणीत जे बिघडते ते रोपांशिवाय दुरुस्त करणे सोपे असते.

पाणी आणि वीज एकाच चौरस मीटरात आल्यामुळे येथे हलगर्जी नको. घराच्या डीबीत (मुख्य वीजपेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्यावे आणि सॉकेटला अर्थिंग असल्याची खात्री करावी. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता तंबूबाहेर भिंतीवर उंच बसवावा. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी एकदा खाली झोळ घेऊन मग वर चढेल अशी बांधावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातूनच खाली गळून पडते. वीज गेली तर दिवा आणि पंखा दोन्ही बंद होतात, त्यामुळे घाबरण्यासारखे काही नाही. चेन अर्धी उघडून ठेवावी. धोका असतो तो दिवा चालू राहून पंखा बंद पडण्याचा. दिव्याच्या टायमरवरही पंखा जोडू नये. तो रात्रंदिवस वेगळाच चालावा.

माध्यम, पाणी, खत

पाण्यात मुळे सोडून पीक घेण्याची पद्धत दिसायला देखणी असते, पण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना तो ७.५ च्या आसपास उतरतो. त्याच उष्णतेत मुळांची प्राणवायूची भूक मात्र वाढलेली असते. मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजट वास येऊ लागला, की ते रोप सहसा वाचत नाही. आपल्या हवेत पहिल्यांदा करणाऱ्याने कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके, पांढरे खनिज दाणे) ७०:३० प्रमाणात मिसळून कुंडीतच पीक घ्यावे. लेट्यूसला दोन लिटरची कुंडी पुरते, तर मिरचीला १० ते १२ लिटरची लागते आणि अशी चारच झाडे या तंबूत ठेवावीत. पाच किलोची कोकोपीटची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे लेट्यूसच्या सोळा कुंड्यांना तिचा तिसरा हिस्साच लागतो. स्वस्त कोकोपीटमध्ये क्षार असतात. ते साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मग कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून, निथळून वापरावे.

पाण्याचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये), आधी मोजावा. महापालिकेच्या पाण्याचा तो सहसा कमी असतो. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी मात्र जड निघते. ईसी ०.८ च्या वर असेल, तर त्यात आरओचे पाणी मिसळून घ्यावे. खत घातल्यावर लेट्यूससाठी ईसी १.२ ते १.८ आणि पीएच ५.८ ते ६.२ ठेवावा. मीटर पीपीएममध्ये आकडा दाखवत असेल, तर तो ईसीवर बदलून घ्यावा, कारण एकाच ईसीला काही मीटर ५०० ने तर काही ७०० ने गुणतात आणि त्यातून गोंधळ होतो.

कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत येथे एकटे पुरत नाही. त्यातील नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो, आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय तो रोपाला चटकन मिळत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नसते. हायड्रोपोनिक्ससाठीचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन भागांचे खत घ्यावे आणि ते दोन्ही घट्ट स्वरूपात एकत्र ओतू नयेत. तसे केल्यास कॅल्शियमचा सल्फेट व फॉस्फेटशी संयोग होऊन डोळ्यांदेखत पांढरा साका तळाशी बसतो आणि त्यातले अन्न रोपाला कधीच मिळत नाही. आधी बादलीभर पाण्यात ‘ए’ ढवळून विरघळवावे, मग ‘बी’, आणि पीएच सर्वात शेवटी जुळवावा. प्रत्येक वेळी तळातून दहा ते वीस टक्के पाणी निघून जाईल इतके पाणी द्यावे, म्हणजे क्षार साठत नाहीत. निघालेल्या पाण्याचा ईसी दिलेल्या पाण्यापेक्षा बराच वर गेला, तर एक वेळ निव्वळ साधे पाणी सोडावे.

उत्पन्न वाढवणारी कामे

लेट्यूसचे बी ओल्या माध्यमावर नुसते टेकवून ठेवावे, खोल पुरू नये. त्याला उगवायला उजेड लागतो. तापमान २८-३० अंशांच्या वर असेल, तर ते जिवंत असूनही निद्रेत जाते. उन्हाळ्यात भिजवलेले बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की हा प्रश्न सुटतो.

एकाच वेळी सोळा रोपे लावली, तर महिन्याने सोळा गड्डे एकदम तयार होतात आणि घरात कुणी तेवढे खात नाही. त्याऐवजी दर आठवड्याला पाच-सहा बिया प्रो ट्रेमध्ये (रोपे तयार करण्याच्या खणांच्या ट्रेमध्ये) टाकाव्यात, त्यातली सशक्त चार निवडून कुंडीत लावावीत आणि तयार झालेली चार काढावीत. २० सेंटिमीटर अंतरावर सोळा कुंड्या बसतात आणि रोप कुंडीत चार आठवडे राहते. म्हणजे जागा सदैव भरलेली राहते. एक गड्डा १५० ग्रॅमचा धरला, तर आठवड्याला ६०० ग्रॅम पाने मिळतात. रोपांची तयारी ट्रेमध्ये, म्हणजे मोठ्या कुंडीच्या जागेबाहेर होते, आणि छोट्या तंबूतली खरी वाढ इथूनच मिळते.

बेसिलला सहा पाने आली की शेंडा पेराच्या थोडा वर खुडावा; तिथून दोन फुटवे निघतात. दर खेपेस असेच करत राहिले की झुडूप आडवे पसरते आणि सारा प्रकाश वापरते. फुलाचा तुरा दिसताच काढावा. मिरचीची पहिली एक-दोन फुले काढून टाकल्याने झाड आधी बळकट होते. ती स्वपरागित असली तरी घरात वारा नसतो, म्हणून फुले उमलल्यावर फांद्यांना रोज बोटाने हलकी टिचकी मारावी.

तंबूत कीड एकदा शिरली की तिला कुणी शत्रू नसतो. बाजारातून किंवा रोपवाटिकेतून आणलेले रोप थेट आत नेऊ नये. दहा दिवस वेगळे ठेवून पानांची मागची बाजू भिंगाने पाहावी. मावा आणि पांढरी माशी यांसाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे पानांच्या उंचीवर टांगावेत. कोकोपीटवर चिलटे दिसू लागली, तर पाणी जास्त होते आहे. निंबोळी अर्क फवारायचा असल्यास दिवा बंद झाल्यावर फवारावा, नाहीतर पाने भाजतात, आणि काढणीच्या आठवड्यात फवारणी टाळावी.

दोन हंगामांच्या मध्ये तंबू रिकामा करून आतल्या भिंती, दांडे आणि डक्टचे तोंड साबणाच्या पाण्याने पुसावे, पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढावी आणि दोन दिवस पंखा चालू ठेवून सर्व काही कोरडे होऊ द्यावे. तंबू ओला असताना घडी करून ठेवला, तर शिवणींत काळी बुरशी धरते आणि ती पुढच्या पिकाच्या रोपांवर उतरते.